वीज येण्यापूर्वींचा उजेड

महोत्सवानिमित्त ही स्मरणिका सिद्ध करीत असतां देणगीदारांच्या जुन्या याद्या आम्हीं चाळल्या. विजेचे दिवे कोणीं बसविले, पंखे कोणीं दिले, तें त्यांत व्यवस्थित नोंदलेलें आहे. परंतु वीज येण्यापूर्वीं घरांत व देवळांत दिव्याला तेल कोण पुरवीत होतें, काजळी कोण पुशीत होतें, याविषयीं एक ओळही सांपडली नाहीं. ही उणीव वाचकांपुढें मांडावी म्हणून हा अल्प प्रयत्न.

आमच्या वसईच्या किनाऱ्यावर जुन्या घरांत जळे तें तेल बहुधा उंडीचें किंवा करंजाचें असे. खोबरेल उजेड स्वच्छ देई, परंतु तें खाण्याचें व केसांना लावण्याचें. रोज दिव्यांत ओतणें परवडण्यासारखें नव्हतें. उंडीचीं झाडें समुद्रकांठीं आपोआप वाढत. फळें खालीं पडलीं म्हणजे बायकामुलांनीं तीं वेंचावीं, फोडून आंतील गर उन्हांत वाळवावा, मग तो घाण्यावर न्यावा, असा क्रम होता. निघे तें तेल हिरवट, दाट आणि कडू. म्हणून त्याचें नांवच कडू तेल. जुन्या लुगड्याच्या चिंधीची वात त्यांत भिजविली म्हणजे रात्रीची सोय झाली. आगपेट्या सर्वत्र मिळूं लागण्यापूर्वीं चुलींतील निखारा राखेखालीं जपून ठेवीत, आणि तो विझलाच तर शेजारीं विस्तव मागावयास जात.

दिवा बहुधा एकच. तो चुलीजवळच्या कोनाड्यांत असे, आणि स्वयंपाक आटोपला कीं ओटीवर येई. तिन्हीसांजेच्या घंटेला देवदूताची प्रार्थना, मग जेवण, मग जपमाळ. येथें एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. जपमाळेस पुस्तक लागत नाहीं, आणि पुस्तक नाहीं म्हणून उजेडही लागत नाहीं. वात खालीं ओढून सर्व कुटुंब अर्धवट काळोखांत गुडघे टेकी. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती; परंतु पंधराही रहस्यें व संपूर्ण लितानी तिला मुखोद्गत होती. तेलाच्या काटकसरीनेंच तें पाठांतर घडविलें, असें म्हटल्यास वावगें होऊं नये.

या व्यवस्थेंत पालट झाला तो खनिज तेलामुळें. कॅनडांतील अब्राहम गेस्नर यानें दगडी कोळशापासून तेल काढून त्याला केरोसीन हें नांव दिलें. तिकडे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांतील ल्वूव शहरीं, म्हणजे आजच्या युक्रेनमधील ल्विव्ह येथें, इग्नासी लुकासेविच हा पोलिश औषधनिर्माता भूमींतून झिरपणारें तेल शुद्ध करीत होता. ता. ३१ जुलै १८५३ च्या रात्रीं तेथील रुग्णालयांत त्याच्या दिव्याच्या उजेडांत शस्त्रक्रिया करण्यांत आली. हा सद्‌गृहस्थ निष्ठावंत कॅथलिक होता, हें आमच्या वाचकांस ठाऊक असावें. तेलाच्या उत्पन्नांतून त्यानें रस्ते बांधिले, शाळा काढिल्या, झ्रेंचिन गांवीं ख्रिस्तमंदिर उभारण्यास साहाय्य केलें, आणि पोप नववे पायस यांनीं १८७३ सालीं त्याचा गौरव केला. त्याच मंदिराच्या गांवीं त्याला मूठमाती मिळाली.

१८५९ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया प्रांतांत विहीर खोदून तेल लागलें, आणि पुढील तीस वर्षांत अमेरिकेचें व रशियाचें तेल पत्र्याच्या डब्यांतून मुंबई बंदरीं उतरूं लागलें. मुंबईचे कांहीं रस्ते १८६५ पासून गॅसच्या दिव्यांनीं उजळले होते. खेड्यांच्या वांट्याला आलें तें घासलेट. ‘गॅसलाइट’चें घासलेट आणि ‘रॉक ऑइल’चें रॉकेल आमच्याच लोकांनीं केलें. रिकाम्या डब्यांतून पाणी वाहिलें गेलें, त्यांचेच पत्रे गोठ्यावर चढले, आणि पत्र्याच्या तुकड्यांतून चिमण्या घडल्या. कंदिलाची कांच राखेनें पुसण्याचें काम मुलांचें, कारण त्यांचाच हात आंत जाई. कांच फुटली तर मार ठरलेला.

रॉकेलचा उजेड कडू तेलाहून चांगला होता, याविषयीं वाद नाहीं. परंतु चिमणीच्या धुरानें सकाळीं नाकपुड्या काळ्या होत आणि दिवा कलंडला तर कपडे पेट घेत. शिवाय उंडी झाडाखालीं फुकट पडे; रॉकेल वाण्याकडून उधार आणावें लागे. तेलाची घागर गेली आणि त्या जागीं वाण्याची वही आली, हा बदल आम्हांस लहान वाटत नाहीं. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला, तेथील तेल बंद झालें, आणि माळ्यावरच्या पणत्या पुन्हां खालीं काढाव्या लागल्या, असें आजी सांगे.

देवळांतील अखंड दिव्यास मात्र पूर्वीं नियमानें ऑलिव्हचेंच तेल हवें असे. तें न मिळे तेथें धर्माध्यक्षांच्या अनुमतीनें दुसरें तेल, शक्यतों वनस्पतीचें, चालेल, असा निर्णय रोमनें १८६४ सालीं दिला. १८९५ सालीं विजेस देवळांत उजेडापुरता प्रवेश मिळाला. १९८३ च्या धर्मसंहितेंत दिवा अखंड तेवावा एवढीच आज्ञा आहे. तेलाचा उल्लेख नाहीं.

आमच्या देवळांतील त्या दिव्यास पूर्वीं कोणत्या घरांतून तेल येई, कोणत्या बाईनें तो पुसला, हें ज्या वडीलधाऱ्यांस आठवत असेल, त्यांनीं तीं नांवें धर्मग्रामाच्या कचेरींत कळवावीं. देणगीदारांच्या वहींत आम्हीं एक पान कोरें ठेविलें आहे.