सा. न. वि. वि. पासून कंट्रोल-टी पर्यंत

परवा धंतोलीतल्या आमच्या घरी एक छोटासा अपघात झाला. संगणकावर अर्धा तास खपून मी एक जुना लेख शोधून काढला होता, आणि चष्मा सावरता सावरता माझ्याच हाताने ते पान मिटले गेले. मी पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध करू लागलो, तोच नात म्हणाली, "आबा, इतकं कायले शोधता? कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबा नं!" तिने तीन कळा दाबल्या आणि गेलेले पान जसेच्या तसे परत आले. मी चकित झालो खरा; पण मागाहून विचार करता वाटले, की हातांना जवळची वाट शिकवण्याची ही विद्या आपल्याला मुळीच नवी नाही.

आपल्या वाडवडिलांचेच पाहा ना. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असे लांबलचक लिहायला त्यांना सवड कुठली? त्यांनी 'सा. न. वि. वि.' करून टाकले. तीर्थरूपांचे 'ती.' झाले आणि चिरंजीवांचे 'चि.'. चार अक्षरांत अवघा शिष्टाचार उरकला, आणि वाचणाराचा मानही राहिला. मोडी लिपीचे तर सारे प्रयोजनच वेगाचे. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे टांगीत जावयाचे. परंपरा तिचे श्रेय यादवांच्या हेमाद्रीपंतांना देते. नागपूरकर भोसल्यांच्या दरबाराचा कारभार, १८५४ साली संस्थान खालसा होईपर्यंत, याच लिपीत चाले.

पुढे यंत्र आले. शोल्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६८ साली टंकयंत्राचे पेटंट घेतले व १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. त्या पहिल्या यंत्रावर इंग्रजीची फक्त मोठी अक्षरे उमटत. १८७८ च्या यंत्रात शिफ्टची कळ आली आणि एकेका कळीला दोन-दोन अक्षरे मिळाली. आपले नागपूर १९५६ पर्यंत प्रांताची राजधानी. तेव्हा कचेऱ्यांतून या यंत्रांचा खडखडाट केवढा असेल, हे सांगणे नलगे! आम्ही टंकलेखनाच्या वर्गाला जाऊ लागलो तेव्हा मास्तर कळांवर रुमाल झाकीत आणि म्हणत, "डोळ्यांनी लिहू नका, बोटांनी लिहा." त्या बोलण्याचे मर्म मला आत्ता कळते आहे.

संगणकाच्या उंदराचीही एक कथा आहे. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला उंदीर घडविला, तो चक्क लाकडाचा. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टांनी दीड तास त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. त्यांच्या उजव्या हाताखाली उंदीर होता, हे सर्वांच्या लक्षात राहिले. डाव्या हाताखाली पाच कळांची एक लहानशी पेटी होती, ती मात्र लोक विसरले. हार्मोनियमवर सूर धरावेत तशा तिच्या दोन-तीन कळा एकदम दाबल्या की एक अक्षर उमटे. उंदीर कुणालाही घटकाभरात जमतो; त्या पेटीला रियाझ हवा. जगाने सोय उचलली आणि रियाझ सोडला.

पण ती कल्पना अजिबात बुडाली नाही. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत लॅरी टेसलर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७० नंतरच्या दशकात मजकूर कापून दुसरीकडे चिकटविण्याची रीत बसविली. पुढे त्या कामासाठी एक्स, सी आणि व्ही या कळा रूढ झाल्या. कळफलक पाहा: तिन्ही शेजारी शेजारी, डाव्या हाताखाली. उजव्या हाताने उंदीर धरावा आणि डाव्याने हुकूम सोडावा, ही एंगलबार्टांचीच मांडणी!

१९९३ साली मोझॅक ब्राउझर आला, १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले, आणि या आडवाटा घरोघर पोहोचल्या. कंट्रोल-टी ने नवे पान उघडते, कंट्रोल-एल ने पत्त्याच्या चौकटीत जाता येते, कंट्रोल-एफ ने पानातला नेमका शब्द सापडतो. आल्ट आणि डावा बाण दाबला की मागल्या पानावर परत. उंदराच्या चाकाने दुव्यावर टिचकी मारली तर तो वेगळ्या पानात उघडतो. आणि माझ्यासारख्या चष्मेवाल्यांनी कंट्रोल दाबून चाक फिरवावे. अक्षर मोठे होते. मराठीचीही सोय झाली. १९८६ च्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे. 'क' च्या कळीवर शिफ्ट दाबले की 'ख', 'ग' च्या कळीवर 'घ'. वर्णमालेचा क्रमच बोटांत उतरला.

हे सारे पाहताना एक गोष्ट मात्र मनाला लागते. आमच्या माडीवर आजोबांचे एक दप्तर आहे, मोडीतले. माझ्या वडिलांना ते अडखळत का होईना वाचता येई. मला एक ओळ येत नाही. छापखान्यांनी बाळबोध पत्करली, शाळांतून मोडी गेली, आणि वेळ वाचविण्यासाठी काढलेली वाट दोन पिढ्यांत बुजली. वाट चांगली होती. ती दाखविणारा कुणी उरला नाही. मिटलेले पान परत आणणारी कळ नातीने मला दाखविली, पण या दप्तराला तशी कळ नाही. तिथे मोडी शिकण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून या दिवाळीत आम्ही आजोबा-नातीने एक करार केला आहे. फराळ आटोपला की तिने मला रोज एक कळ शिकवावयाची, आणि दोघांनी मिळून मोडीचे एक अक्षर गिरवावयाचे. काल 'क' झाला.