एका एंजिनाचा श्वास

सामर्थ्य केवळ पैशानेंच विकत मिळतें, या समजुतीला यंत्रांच्या इतिहासांतही उत्तर आहे. १९२२ ते १९३९ या काळांत इंग्लंडांत निघालेली ऑस्टिन सेव्हन ही लहान मोटार युद्धानंतर जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळे. तिचें एंजिन अवघें ७४७ घन सेंटिमीटरचें. सिलिंडर चार, पण त्यांत पेट्रोल व हवेचें मिश्रण शिरण्याच्या वाटा दोनच. त्यामुळें शेजारचे सिलिंडर एकमेकांचा श्वास कोंडीत. १९५१ सालीं कॉलिन चॅपमन यानें आपल्या लोटस मार्क ३ या गाडींत त्या वाटांमध्यें पडदी घालून चौघांसही स्वतंत्र श्वास दिला. ती गाडी इतकी सरस ठरली कीं, पुढें त्या स्वस्त शर्यतींच्या नियमांनीं ही युक्तीच निषिद्ध केली. आमच्या मतें ही बंदी म्हणजे त्या बुद्धीचें प्रशस्तिपत्रच होय!