एका कादंबरीची प्रस्तावना आणि नांदापूरचा वाचक

१/ रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या शिवचरित्रावरील कादंबरीच्या आरंभी एक प्रदीर्घ प्रस्तावना आहे. कादंबरी बाजूला ठेवून केवळ ती प्रस्तावना वाचणारेही अनेक आहेत. पुढे ती स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपानेही निघाली. ती लिहिणारा वाचक आजच्या हिंगोली जिल्ह्यात जन्मला. थोड्या, पण भारदस्त कादंबऱ्या कशा वाचाव्यात, याचा वस्तुपाठ त्याने घालून दिला. 🧵

२/ त्यांचे नाव नरहर कुरुंदकर. जन्म १५ जुलै १९३२, कळमनुरी तालुक्यातील नांदापूर येथे, आजोळी. मूळ गाव वसमत तालुक्यातील कुरुंदा. त्या वेळी हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यात आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.

३/ संस्थानात मराठी ही घरातली आणि बाजारातली भाषा होती. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा स्थितीत मराठी वाचनालय चालवणे म्हणजे भाषा टिकवण्याचेच काम. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा कुरुंदकर सोळा वर्षांचे होते.

४/ या भूमीला वाचनाची त्याहून जुनी एक रीत ठाऊक होती. संत नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात. विसोबा खेचरांच्या कथेतले औंढा नागनाथही येथलेच. पारायणाच्या परंपरेत एकच ग्रंथ वर्षानुवर्षे वाचला जातो, ऐकला जातो, अर्धाअधिक पाठ होतो. येथे ग्रंथ 'संपवायचा' नसतो. त्याच्याकडे पुन्हा पुन्हा यायचे असते.

५/ जर्मन इतिहासकार रोल्फ एंगेलझिंग यांनी वाचनाच्या दोन पद्धती मांडल्या. मोजके ग्रंथ वारंवार वाचणे, हे सघन वाचन. अनेक पुस्तके एकेकदा वाचून पुढे जाणे, हे विस्तृत वाचन. त्यांच्या मते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील वाचक पहिल्या पद्धतीकडून दुसरीकडे वळला. या बदलात कादंबरीचा वाटा मोठा होता.

६/ मराठीत हे वळण एकोणिसाव्या शतकात आले. १८५७ मध्ये बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला', १८६८ मध्ये रिसबूड यांची 'मंजुघोषा'. १८९० पासून हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक' पत्रातून कादंबऱ्या क्रमशः येऊ लागल्या आणि वाचक पुढच्या अंकाची वाट पाहू लागला.

७/ कादंबऱ्या वाढल्या तशी निवडीची चर्चाही सुरू झाली. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ सालच्या निबंधात तत्कालीन कादंबरी-नाटकांची कठोर झडती घेतली. १९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'कादंबरी' या निबंधात मराठी कादंबरीला युरोपातील थोर कादंबऱ्यांच्या मापाने जोखले. किती कादंबऱ्या आहेत, यापेक्षा त्यांत कस किती आहे, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

८/ एंगेलझिंग यांच्या सिद्धांतावर पुढे आक्षेपही घेतले गेले. १७६१ साली प्रसिद्ध झालेली रूसोची 'जूली' ही कादंबरी वाचकांनी पुन्हा पुन्हा वाचली आणि डोळ्यांत पाणी आणून लेखकाला पत्रे लिहिली, हे रॉबर्ट डार्नटन यांनी दाखवून दिले. म्हणजे कादंबरीचेही पारायण होऊ शकते; मात्र तिच्यात तेवढा ऐवज हवा आणि वाचकापाशी तेवढी सवड.

९/ कुरुंदकर काही कमी वाचणारे नव्हते. अभ्यासक्रमाबाहेरच्या वाचनात ते इतके रमले की महाविद्यालयीन परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झाले. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. 'धार आणि काठ' या ग्रंथात त्यांनी मराठी कादंबरीच्या वाटचालीची चिकित्सा केली. वाचन अफाट होते. पण ज्या कृतीपाशी ते थांबत, तिथे पूर्ण तयारीनिशी थांबत.

१०/ 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना हे त्याचे उदाहरण. अफजलखान, शाहिस्तेखान, आग्रा या रोमहर्षक प्रसंगांतच शिवाजी महाराजांचे सारे मोठेपण सामावत नाही, असा त्यांचा आग्रह होता. संभाजी महाराजांच्या वधानंतर राजधानी पडली, छत्रपतींना जिंजी गाठावी लागली. तरीही १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत लोक लढत राहिले. ते कशासाठी? महाराजांनी रयतेशी जोडलेल्या नात्यात कुरुंदकर याचे उत्तर शोधतात.

११/ हा प्रश्न कादंबरीच्या चौकटीबाहेरचा आहे. कादंबरी राज्याभिषेकापाशी किंवा मृत्यूपाशी थांबू शकते. वाचकाने तिथे थांबण्याचे कारण नाही. एका कादंबरीसाठी कुरुंदकरांनी साधने, चरित्रे आणि नंतरचा काळ डोळ्यांसमोर ठेवला. दहा ऐतिहासिक कादंबऱ्या ओळीने वाचून जे हाती लागणार नाही, ते अशा एका वाचनातून लागते.

१२/ महाराष्ट्रात इतिहासाची पहिली ओळख बहुधा कादंबरीतूनच होते. थेऊरला १७७२ मध्ये निधन पावलेले माधवराव पेशवे आणि सती गेलेल्या रमाबाई अनेकांना भेटतात त्या १९६२ च्या 'स्वामी'मधून. यात गैर काही नाही. परंतु प्रसंग कोणत्या साधनातला आणि संवाद कोणाच्या कल्पनेतला, हे विचारायला सवड लागते. वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प सोडणाऱ्याला ती सहसा मिळत नाही.

१३/ १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे व्यासपीठावरच कुरुंदकरांचे निधन झाले. वय अवघे एकोणपन्नास. 'श्रीमान योगी' घरात असेल, तर यंदा एक प्रयोग करून पाहावा : आधी प्रस्तावना, मग कादंबरी आणि शेवटी पुन्हा प्रस्तावना. दुसऱ्या खेपेस तीच पाने वेगळी वाटू लागतात. त्या वेळात आणखी दोन कादंबऱ्या वाचायच्या राहिल्या, तरी हरकत नाही.