त्वचा कर्करोग व व्हायरस संसर्ग : इतिहास

त्वचेच्या बाह्य थरातील (अपित्वचेतील) पट्टकी कोशिकांचा कर्करोग सुरुवातीस त्या थरापुरताच मर्यादित असतो. या अवस्थेस स्वस्थानी कर्करोग म्हणतात. अमेरिकन त्वचारोगतज्ञ जॉन टेंपलटन बोएन यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला बोएन रोग हे त्याचे परिचित उदाहरण होय. त्यात लालसर, खवलेयुक्त चट्टा दिसतो व तो इसब समजून दुर्लक्षिला जाण्याचा संभव असतो. या टप्प्यावर विकृत भाग काढून टाकल्यास रोग बहुधा पूर्ण बरा होतो. त्यामुळे त्याच्या उत्पत्तीत व्हायरसाचा (विषाणूचा) वाटा किती, या प्रश्नास व्यावहारिक महत्त्व आहे.

चामखिळीचा अर्क जिवाणू अडविणाऱ्या गाळणीतून गाळूनही संसर्गकारक राहतो, हे इटालियन वैद्य चूफ्फो यांनी १९०७ मध्ये दाखविले. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबड्यांतील एक मारक अर्बुद (गाठ) अशाच गाळलेल्या अर्काने संक्रामित केले. रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये रानसशांच्या चामखिळींतील व्हायरस वर्णिला. पाळीव सशांत त्या चामखिळींचे रूपांतर कर्करोगात होते, असे राउस व बीअर्ड यांना १९३५ मध्ये आढळले. पुढे राउस व किड यांनी सशांच्या त्वचेवर डांबर लावून प्रयोग केले. तेव्हा तोच व्हायरस अधिक त्वरेने कर्करोग निर्माण करतो, असे दिसून आले. व्हायरस व बाह्य क्षोभक यांच्या संयुक्त क्रियेची कल्पना येथे प्रथम स्पष्ट झाली.

बाह्य क्षोभकाचे महत्त्व भारतीय संशोधनातूनही प्रत्ययास आले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) व सहकारी यांनी १९४५ मध्ये ‘धोतर कर्करोगा’चे वर्णन प्रसिद्ध केले. कमरेशी घट्ट आवळलेल्या वस्त्राच्या दीर्घकालीन घर्षणाने त्वचेचा रंग बदलतो, ती जाड होते, चिघळते व अखेरीस तेथे कर्करोग उद्भवतो. परकराच्या घट्ट नाडीखाली झालेल्या अशा कर्करोगाची नोंद २०२४ मध्येही झाली आहे. प्रत्येक त्वचा कर्करोगास व्हायरस कारण मानणे बरोबर नाही, हे यावरून दिसते.

मानवातील पहिला सबळ पुरावा एका दुर्मिळ आनुवंशिक विकारातून मिळाला. लेव्हांडोव्हस्की व लुट्स यांनी १९२२ मध्ये वर्णिलेल्या या विकारात बालपणापासून अंगभर चामखिळींसारखे चट्टे उठतात. तरुण वयानंतर अनेक रुग्णांत उन्हास उघड्या राहणाऱ्या भागांतील चट्ट्यांचे रूपांतर कर्करोगात होते. पोलंडमधील स्टेफानिया याब्लोन्स्का व फ्रान्समधील झेरार ऑर्त यांनी १९७० नंतरच्या दशकात या कर्करोगांत मानवी पॅपिलोमा व्हायरसाचे प्रकार, विशेषतः ५ वा, दाखविले. पुढे ८ व्या प्रकाराचाही संबंध दिसून आला. या विकाराशी निगडित दोन जीन २००२ मध्ये ओळखण्यात आले.

याच सुमारास जर्मन वैज्ञानिक हाराल्ट त्सुर हाउझेन यांनी गर्भाशय ग्रीवेच्या कर्करोगात १६ वा (१९८३) व १८ वा (१९८४) प्रकार शोधून काढले. त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रीवेच्या बाह्य भागाचे अस्तरही त्वचेप्रमाणेच पट्टकी कोशिकांचे असते. तथापि तेथे व्हायरस कर्करोगात टिकून राहतो. म्हणून त्याचा शोध घेऊन रोग आरंभीच पकडता येतो. याची मोठी कसोटी मराठवाड्यातील उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने १९९९ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. व्हायरस चाचणी एकदाच केलेल्या गटात ग्रीवा कर्करोगाने ३४, तर नेहमीच्याच सेवा मिळणाऱ्या गटात ६४ मृत्यू झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गटास तपासणीविना ठेवण्याच्या नैतिकतेवर पुढे टीकाही झाली.

त्वचेची स्थिती निराळी आहे. नखांभोवतालच्या व जननेंद्रियांवरील बोएन रोगात १६ वा प्रकार वारंवार आढळतो. मात्र उघड्या त्वचेवरील कर्करोगाचे मुख्य कारण सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण होत. किरणांनी इजा झालेल्या कोशिकांची दुरुस्ती वा नैसर्गिक मृत्यू काही व्हायरस प्रकार रोखतात व पुढे त्यांची गरज उरत नाही, असे एक मत आहे. कर्करोगपूर्व चट्ट्यांत व्हायरसाचे प्रमाण प्रत्यक्ष कर्करोगापेक्षा अधिक आढळते, हा त्याचा आधार होय. उलटपक्षी, या व्हायरसांविरुद्धची प्रतिरक्षाच त्वचेचे रक्षण करते, असे २०१९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून सुचविण्यात आले. अवयवरोपणानंतर प्रतिरक्षा दाबणारी औषधे घेणाऱ्यांत हा कर्करोग कित्येक पटींनी अधिक का होतो, याचा उलगडा दोन्ही मतांनी होऊ शकतो.

निरोगी त्वचेवरही हे व्हायरस सर्रास असल्याने केवळ त्यांच्या अस्तित्वावरून निदान होत नाही. साधी चामखीळ म्हणजे कर्करोग नव्हे. परंतु न भरणारा व्रण, वाढत जाणारा खवलेयुक्त चट्टा किंवा चिघळलेला जुना वण यांचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आवश्यक असते. ग्रीवेत व्हायरसाचा शोध जे कार्य करतो, ते त्वचेच्या बाबतीत आजही वेळीच केलेल्या निरीक्षणावर अवलंबून आहे.