न झालेल्या दंग्याचे कागद

संकटकाळीं लोक प्रत्यक्ष घटनेपेक्षां तिच्या वार्तेवरच अधिक वर्ततात, हें इतिहासाभ्यासकांस नवें नाहीं. भिवंडीचा अलीकडील इतिहास याची साक्ष देतो. ता. ७ मे १९७० रोजीं तेथें शिवजयंतीच्या मिरवणुकींत दंगा उसळला. दुसऱ्याच दिवशीं त्याचें लोण दूर खानदेशांत जळगांवास पोंचलें. न्या. मादन आयोगानें या प्रकरणाची चौकशी केली. तथापि मे १९८४ मध्यें पुनश्च रक्तपात झालाच.

पुढें १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला समित्या स्थापिल्या. उभय धर्मांचे शेजारी एकत्र बसूं लागले. कंडी पिकली, तर तिची शहानिशा करण्यास ओळखीचा मनुष्य मिळूं लागला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. याचें सर्व श्रेय समित्यांसच देणें धाडसाचें होईल. परंतु तें नाकारणेंही न्याय्य नव्हे.

बखरी लढायांच्या होतात. टळलेल्या दंग्याची बखर कोणी लिहीत नाहीं. म्हणून या बैठकींचें एखादें टिपण वा हस्तपत्रक हातीं आल्यास तें पोथीइतक्याच आस्थेनें जतन करावें, अशी संग्राहकांस आमची विनंती आहे.