डाळींतील प्रथिने आणि शुद्धतेची कसोटी

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत असलेले दुधनी हे गाव तुरीची बाजारपेठ म्हणून परिचित आहे. मराठीत तूर व कन्नडमध्ये तोगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कडधान्याच्या दाण्यात सुमारे पंचमांश भाग प्रथिनांचा असतो. ट्रिप्सिन या पाचक एंझाइमाला अडविणारी प्रथिनेही त्यातच असतात. शिजविल्याने त्यांचा प्रभाव बराचसा नाहीसा होतो. अशी निरोधक प्रथिने इतरांपासून वेगळी कशी करावयाची, आणि ती खरोखरच वेगळी झाली हे कशावरून मानावयाचे, या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचा इतिहास अधिक उद्‌बोधक आहे.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमला सोहोनी यांनी कडधान्यांतील निरोधकांचा अभ्यास चालविला होता. वाल व डबल बी यांतील ट्रिप्सिन-निरोधक स्फटिकरूपात मिळाल्याचे सोहोनी व अंबे यांनी १९५५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. स्फटिक मिळणे ही त्या काळी शुद्धतेची मोठी खूण समजली जाई. तथापि ती खूण त्यापूर्वीच डळमळू लागली होती. कुनिट्झ यांनी रायबोन्यूक्लिएज १९४० च्या सुमारास स्फटिकरूपात मिळविले होते. ते स्फटिकरूप द्रव्य हर्स, मूर व स्टाइन यांनी आयन-विनिमयी रेझिनच्या स्तंभातून सोडले, तेव्हा त्यातून एक नव्हे, दोन क्रियाशील घटक निघाले. त्यांचा तपशीलवार लेख १९५३ चा आहे.

या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. प्रथिनावरील विद्युत्‌भार द्रावणाच्या आम्लतेनुसार बदलतो. विरुद्ध भाराच्या स्थिर पदार्थाला ते चिकटते आणि क्षाराचे प्रमाण वाढविताच सुटते. भार निराळा, तर सुटण्याची वेळही निराळी. पॅलेउस व नीलंड्स यांनी १९५० साली रेझिनच्या साह्याने सायटोक्रोम-सी शुद्ध केले. वनस्पतींतील याच सायटोक्रोमवर सोहोनी यांनी केंब्रिजमध्ये काम केले होते. ते तांबडे असल्याने ‘वर्णलेखन’ ही संज्ञा येथे अक्षरशः लागू पडते. एरवी बहुतेक प्रथिने रंगहीन, आणि त्स्वेत यांनी १९०६ साली वनस्पतींच्या रंगद्रव्यांसाठी योजलेले नाव त्यांनाही उगाच चिकटून राहिले आहे.

परंतु रेझिनची मर्यादा मोठी होती. त्याचे जाळे घट्ट असल्याने प्रथिनाचा मोठा रेणू आत शिरत नसे, आणि अनेक ठिकाणी जखडला गेल्यास त्याची घडणच बिघडे. सोबर व पीटरसन यांनी सेल्युलोजच्या तंतूंवर भारित गट बसवून ही अडचण दूर केली. त्यांचे पहिले निवेदन १९५४ चे, सविस्तर लेख १९५६ चा. म्हणजे मुंबईतील स्फटिकांचे काम ज्या काळात झाले, त्याच काळात हे नवे साधन नुकते आकार घेत होते. त्या स्फटिकांना पुढील काळाचा निकष लावून उणे ठरविणे इतिहासदृष्ट्या अन्याय्य होईल. मात्र ‘स्फटिक, म्हणून शुद्ध’ हे वाक्य आज जसेच्या तसे उद्‌धृत करणेही योग्य नाही.

तुरीतील साठवणीची प्रथिने बहुतांशी ग्लोब्युलिन वर्गातील असून त्यांचा समविद्युत्‌ बिंदू आम्लाच्या बाजूस असतो. उदासीन द्रावणात ती ऋणभारित होतात व डीईएई-सेल्युलोजवर अडकतात. पुढे क्षार हळूहळू वाढवीत त्यांचे अंश एकेक उतरवून घेतात आणि कोणत्या अंशाने ट्रिप्सिन अडते ते स्वतंत्रपणे तपासतात. स्तंभाकडे वळण्यापूर्वी अमोनियम सल्फेटने साका पाडण्याची जुनी रीत मात्र अनेक प्रयोगशाळांत अद्याप पाळली जाते.