अँटीव्हायरस : निरास आणि निवड

१. अधिकाराचा प्रश्न

संगणकावरच्या बहुतेक प्रोग्रॅमांचे काम ठरलेल्या मर्यादेत चालते. अँटीव्हायरसला मात्र प्रत्येक फाइल, ती कोणत्याही प्रोग्रॅमने मागितलेली असो, उघडण्याआधी तपासायची असते. म्हणून तो विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, स्वतःचा ड्रायव्हर बसवतो. पेनड्राइव्हवरच्या फाइलवर डबल-क्लिक केले की ती मागणी आधी या ड्रायव्हरपाशी अडते. त्याने सोडली तरच फाइल उघडते.

एवढा अधिकार असलेला प्रोग्रॅम चुकला, तर ती चूकही तेवढीच मोठी ठरते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. या दोन्ही वेळी संगणक पाडले ते संरक्षण करणाऱ्या प्रोग्रॅमांनीच.

यातून या विवेचनाचे मूळ सूत्र मिळते. अँटीव्हायरस निवडणे म्हणजे संगणकातले सर्वोच्च अधिकार कुणाला द्यायचे हे ठरवणे, आणि तो काढणे म्हणजे ते अधिकार पूर्णपणे परत घेणे. पुढचे सगळे नियम याच सूत्रातून निघतात.

२. दोन अँटीव्हायरस एकत्र का नांदत नाहीत

एकापेक्षा दोन बरे, हा हिशेब इथे चालत नाही. पहिला अँटीव्हायरस तपासणीसाठी फाइल उघडतो, ते उघडणे दुसऱ्याच्या नजरेत येते आणि तोही तीच फाइल तपासू लागतो. एकाने बाजूला काढलेली संशयित फाइल दुसऱ्याला नवा हल्ला वाटू शकते. संगणक मंदावतो, कधी अडकतो आणि संरक्षण मात्र दुप्पट होत नाही.

म्हणून विंडोजने एक शिस्त घालून दिली आहे. बाहेरचा अँटीव्हायरस बसला की तो विंडोजकडे आपली नोंद करतो आणि विंडोजचा अंगभूत डिफेंडर बाजूला होतो. बाहेरचा काढला की डिफेंडर पुन्हा काम हाती घेतो. मात्र बाहेरच्याचे अवशेष उरले, तर ही अदलाबदल अर्ध्यावर अडू शकते. जुना गेलेला आणि नवा जागा न झालेला, ही सर्वांत धोक्याची अवस्था होय.

३. नकोशा अँटीव्हायरसचे तीन प्रकार

(अ) लॅपटॉपबरोबर आलेला. हा खरा असतो, पण ठरावीक मुदतीचा. मुदत संपल्यावर बहुतेक उत्पादनांची अपडेट थांबतात, पण पैसे भरण्याच्या सूचना थांबत नाहीत.

(आ) दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पाठीवर बसून आलेला. ॲडोबीचा फ्लॅश प्लेअर डाउनलोड करताना मॅकॅफीच्या स्कॅनरच्या चौकटीत आधीच खूण केलेली असे. ती न काढता पुढे गेलेल्यांच्या संगणकावर तोही उतरत असे. फ्लॅश २०२० अखेर बंद झाला, पण ही पद्धत टिकून आहे.

(इ) खोटा. २००८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने विनफिक्सर, विनअँटीव्हायरस यांसारखी उत्पादने विकणाऱ्यांवर कारवाई केली. तपासणीचा देखावा करून, नसलेले दोष दाखवून त्यांनी दहा लाखांहून अधिक ग्राहकांना फसवल्याचे आयोगाचे म्हणणे होते. आजचे रूप अधिक साधे आहे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकोन उगवतो, त्यावर नामांकित कंपनीचे चिन्ह असते आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले’ असा मजकूर असतो. नीट पाहिले तर बारीक अक्षरांत ब्राउझरचे नाव आणि अनोळखी वेबसाइटचा पत्ता दिसतो. ही केवळ ब्राउझरची नोटिफिकेशन असते. एखाद्या साइटवर आपण कधीतरी ‘अलाउ’ दाबलेले असते. बहुधा इथे काढून टाकण्यासारखा प्रोग्रॅमच नसतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी रद्द केली की हा उपद्रव थांबतो.

४. काढण्याची पद्धत

पहिल्या दोन प्रकारांसाठी क्रम असा ठेवावा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. पैसे भरलेले असतील तर कंपनीच्या खात्यात जाऊन ‘ऑटो-रिन्यूअल’ बंद करावे, कारण प्रोग्रॅम काढल्याने वर्गणी आपोआप थांबत नाही. मग ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ या मार्गाने तो अनइन्स्टॉल करावा आणि संगणक रीस्टार्ट करावा.

काही उरले असल्याची शंका आली, तर त्याच कंपनीचे रिमूव्हल टूल तिच्या अधिकृत साइटवरून घ्यावे. मॅकॅफी, नॉर्टन, अव्हास्ट, ईसेट, कॅस्परस्की या सर्वांची अशी टूल आहेत. काही टूल सेफ मोडमध्ये चालवावी लागतात. ‘शिफ्ट’ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडले की तिकडे जाण्याचा पर्याय मिळतो. प्रोग्रॅमचे फोल्डर हाताने डिलीट करणे मात्र कटाक्षाने टाळावे. फाइली जातात, पण ड्रायव्हरची नोंद रजिस्ट्रीत राहते. मग इंटरनेट बंद पडणे किंवा विंडोज सुरूच न होणे असे प्रकार घडू शकतात.

खोटा प्रोग्रॅम खरोखरच बसलेला असेल, तर डिफेंडरचे ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावे. ते विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासते, त्यामुळे दडून बसलेल्या प्रोग्रॅमला विरोध करायला वाव कमी राहतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर विंडोज नव्याने टाकणे हाच खात्रीचा मार्ग.

शेवटी पडताळणी करावी. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून आता संरक्षण कोणाकडे आहे ते पाहावे. तिथे एकच नाव चालू दिसले पाहिजे. प्रत्यक्ष कसोटीसाठी ‘आयकार’ची चाचणी फाइल आहे. ६८ अक्षरांची ही निरुपद्रवी ओळ व्हायरस म्हणून ओळखायची, असे अँटीव्हायरस कंपन्यांमध्ये ठरलेले आहे. ती डाउनलोड करताच अडवली गेली, तर पहारा जागा आहे.

५. निवडीचे निकष

प्रत्येक व्हायरस अचूक ओळखेल असा प्रोग्रॅम लिहिणे तत्त्वतःच अशक्य आहे, हे फ्रेड कोहेन यांनी १९८०च्या दशकातच दाखवून दिले. ‘शंभर टक्के संरक्षण’ ही जाहिरात त्यामुळे तिथेच बाद होते. मग तुलना कशाची करायची?

पहिला निकष स्वतंत्र चाचण्यांचा. जर्मनीतील माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था नियमित चाचण्या घेतात. एकाच फेरीतला पहिला क्रमांक पाहण्यापेक्षा अनेक फेऱ्यांतले सातत्य पाहावे. किती व्हायरस पकडले यासोबत किती निर्दोष फाइली अडवल्या हेही वाचावे.

दुसरा निकष कंपनीच्या उत्पन्नाचा. चाचण्यांत चांगले गुण मिळवणाऱ्या अव्हास्टने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली. २०२० मध्ये जम्पशॉट बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये याच प्रकरणी अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. व्हायरस पकडण्याची क्षमता आणि विश्वासार्हता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट होते.

तिसरा निकष स्थैर्याचा. २०२४ मध्ये अमेरिकेने कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी घातली. त्यानंतर तिथल्या अनेक ग्राहकांच्या संगणकांवर कॅस्परस्कीच्या जागी ‘अल्ट्राएव्ही’ आपोआप बसला. आपण एकाला दिलेला अधिकार परस्पर दुसऱ्याकडे जातो, तो असा.

पुण्याची क्विक हील असो, चेन्नईची के७ असो की परदेशी कंपनी, तिन्ही कसोट्या सर्वांना सारख्याच लावाव्यात. दुकानदाराची शिफारस हा निकष नव्हे. अद्ययावत विंडोज वापरणाऱ्या सामान्य घराला डिफेंडर पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक संगणकांची एकत्र व्यवस्था, मुलांच्या वापरावर नियंत्रण किंवा फोनवर मदत अशी नेमकी गरज असेल, तरच पैसे मोजावेत.

६. मर्यादा आणि पूरक उपाय

१२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या) प्रोग्रॅमने विंडोजच्या ज्या दोषाचा फायदा घेतला, त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी जवळजवळ दोन महिने, १४ मार्चलाच दिली होती. अपडेट वेळच्या वेळी घेणे हे संरक्षणाचे पहिले अंग आहे. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून तिथे वाढीव मुदतीची सोय न घेता नुसता महागडा अँटीव्हायरस टाकून भागणार नाही. दुसरे अंग बॅकअपचे. प्रत घेतल्यावर डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, नाहीतर खंडणीखोर प्रोग्रॅम तीही कुलूपबंद करतो. ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असे सांगणारे क्रॅक केलेले सॉफ्टवेअर वर्ज्य मानावे.

ज्याला आपण स्वतःच दार उघडून दिले, त्याला अँटीव्हायरस बहुधा अडवत नाही. ‘एनीडेस्क’सारख्या दूरनियंत्रण ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केले होते. असे घडलेच तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

तेव्हा कोणत्याही सुरक्षा प्रोग्रॅमला होकार देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : याची परीक्षा कोणी घेतली, याचे पोट कशावर चालते आणि नको झाला तर हा पूर्ण निघतो का? यातल्या एकाचेही समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर ‘इन्स्टॉल’ दाबू नये.